तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी आहे. कुणी वाचू नये, आणि वाचलीच तर नीट वाचावी.

खात्याची परीक्षा २१ डिसेंबरला, ठाण्यात. पास झालो की सेक्शनचा साहेब. वयाची अट बघता ही शेवटची संधी आहे, असं राजश्री जेवताना आठवण करून देते. बायको आहे, काळजी करणारच. मला स्वतःला काळजी नाही. बेलापूरच्या एकाच ऑफिसात अर्धं आयुष्य काढलंय. सगळे नियम पाठ आहेत, फक्त कलमांचे नंबर तेवढे बघायचेत.

मला अभ्यासाला घर शांत मिळावं म्हणून राजश्रीनं हॉस्पिटलात स्वतः सांगून नाईट ड्युटी घेतली. दोन महिने. नर्सच्या नोकरीत तिलाही जरा बदल हवा असेल.

उद्यापासून अभ्यास.

५ नोव्हेंबर, बुधवार
काल नाही जमलं. आज बसलो. पेन्शनची उदाहरणं. कॅल्क्युलेटरचं तीनचं बटण अडकलं आणि स्क्रीनवर तीनच तीन उमटत गेले. वैतागून शेवटी एक दाबला. ३,३३,३३,३३१.

सहज म्हणून सातनं भागलं. जाईना. अकरानं जाईना. तेरानं, एकोणीसनं, तेवीसनं जाईना. मग खालून बघत आलो. ३१. मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कुणीही तिला पूर्ण भागू शकत नाही. ३३१, तेच. ३३३१, तेच.

अंगावर काटा आला. भाजी करपली, पण त्याचं काही नाही.

नियम असा: कितीही तीन लिहा, शेवटी एक लिहा, येणारी संख्या मूळच. याला सध्या 'चंद्रशेखर नियम' म्हणतोय. नाव तात्पुरतं आहे, पण बदलायला कारण दिसत नाही.

परीक्षेला अजून भरपूर वेळ आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
घणसोली गावात मितेशच्या स्टेशनरीच्या दुकानात जाऊन फुलस्केप कागदाचं अख्खं रीम आणलं. एवढा कागद कशाला, असं त्यानं विचारलं. थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, अंकल, आकडा बोला, मोबाईलवर एका सेकंदात निघेल. मी हसलो. यंत्राच्या जिवावर संशोधन होत नसतं. माणूस चांगला आहे, पण दुकानदार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आमच्या सेक्शनची नफिसा पण परीक्षेला बसतेय. मूळची श्रीवर्धनकडची. मला दहा-बारा वर्षांनी ज्युनियर. मला 'सर' म्हणते, उठून खुर्ची देते. आज तिनं स्वतःच्या नोट्सचा झेरॉक्स काढून आणून दिला. सर, तुम्हाला उपयोग होईल, म्हणाली. बिचारी. पहिल्यांदाच बसतेय, पास-नापासाची तिला अजून कल्पना नाही.

झेरॉक्स एका बाजूनंच आहे. मागची बाजू कोरी. भागाकाराला फार सोयीची.

१९ नोव्हेंबर, बुधवार
सात तीन आणि एक इथपर्यंत सगळं पक्कं. क्रांतीला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलाय. लेक पुण्यात स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करतेय. तिच्याकडून तपासून घ्यायचं म्हणून नाही, तिला अभिमान वाटावा म्हणून.

आता पुढची पायरी. आठ तीन आणि एक. ३३,३३,३३,३३१. तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस. मोठ्यानं म्हणून बघितलं. तोंड भरतं.

२३ नोव्हेंबर, रविवार
दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा बघून झाले. कुणाचीच डाळ शिजली नाही. पुढे सतरा येतो. सतराचा पाढा मला शाळेत असल्यापासून आवडत नाही, कुठेतरी अडखळतोच. आणि खरं सांगायचं तर तेहतीस कोटींच्या संख्येला सतरा-एकोणीसच्या चिल्लर आकड्यांनी अडवायचं म्हणजे सेक्रेटरी साहेबांची फाईल शिपायानं रोखण्यासारखं आहे. हे होत नसतं. मोठ्याला मोठाच भिडतो. थेट हजाराच्या पुढून सुरुवात केली.

१००९ नं जात नाही. १०१३ नं जात नाही. काम झपाट्यानं चाललंय.

पेन्शनचा धडा वाचायचा राहिला. राजश्री सकाळी ड्युटीवरून आली तेव्हा टेबलावर नोट्स उघड्या होत्या. बघून तिला बरं वाटलं. मी उलट्या बाजूबद्दल काही बोललो नाही. तिनं विचारलंही नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार
आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी नंदकुमार लिफ्टमध्ये भेटला. मी शोधाबद्दल बोललो. मजला येईपर्यंत ऐकत होता, नंतर लिफ्टचं दार धरून ठेवलं आणि आणखी ऐकलं. त्याला गणितातलं कळत नाही, पण कार्यक्रमातलं कळतं. बावीस डिसेंबरला गणित दिन असतो, तो सोमवारी येतोय, तर एकवीसला रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये व्याख्यान ठेवू म्हणाला. शाल, श्रीफळ, पोर्टलवाला पत्रकार, सगळं तो बघणार.

एकवीसलाच परीक्षा आहे. पण ती दिवसा. ठाण्याहून घणसोली कितीसं लांब आहे. बरोबर जमतं.

६ डिसेंबर, शनिवार
सकाळीच दादरला निघालो. चैत्यभूमीच्या रांगेत राजश्री पुढे, मी मागे. आज आकडे बंद ठेवले होते. बाहेर पुस्तकांच्या स्टॉलवर तिनं माझ्यासाठी परीक्षेचं गाईड घेतलं. रात्रीची ड्युटी करून तशीच आली होती, परतताना गाडीत माझ्या खांद्यावर झोपली. मी हललो नाही. खांदा आखडला, त्यामुळे आज अभ्यास नाही.

१० डिसेंबर, बुधवार
गेटवर बॅनर लागला. त्यावर नंदकुमारचा फोटो माझ्याहून मोठा. तो म्हणतो, प्रिंटरची चूक. मजकुरात 'तेहतीस कोटी देवांची गणिती संख्या' असं छापलंय. मी त्याला समजावलं की आमच्या घरी तेहतीस कोटींपैकी एकही नाही, आणि संख्येचा देवांशी काही संबंध नाही. तो म्हणाला, चंदूभाऊ, टेन्शन नका घेऊ, पब्लिक यायला पाहिजे ना.

पब्लिक यायला पाहिजे हे खरं आहे.

१३ डिसेंबर, शनिवार
क्रांतीचा मेसेज. 'बाबा, सात तीनपर्यंत सगळे बरोबर. 8 ला 17.' एवढंच.

आजकालच्या मुली किती थोडक्यात लिहितात. सतरा तारखेला आठ वाजता येतेय. व्याख्यानासाठी चार दिवस आधी सुट्टी काढून येतेय पोर. डोळ्यात पाणी आलं. राजश्रीला सांगितलं नाही. सरप्राईज.

१७ डिसेंबर, बुधवार
सकाळी आठला वाशीला हायवेवर पुण्याच्या बसची वाट बघितली. बऱ्याच बस आल्या. क्रांती कुठल्याच बसमधून उतरली नाही. कामात अडकली असणार.

दुपारी तिचाच फोन आला. मी तिला आधीच थांबवलं. संख्येबद्दल फोनवर बोलायचं नाही, असं बजावलं. शोध अजून जाहीर व्हायचाय, कोण कुठे ऐकत असेल सांगता येत नाही. ती 'बाबा, पण' असं दोनदा म्हणाली. म्हटलं, रविवारनंतर. आवाज जरा रडवेला वाटला. येता आलं नाही म्हणून असेल.

१९ डिसेंबर, शुक्रवार
शांतपणे विचार केला. परीक्षा दहा ते पाच. नंतर ठाण्याहून यायचं म्हणजे स्टेशनची गर्दी, ऐरोलीची गर्दी. घामाघूम होऊन व्यासपीठावर चढणं शोभत नाही. शिवाय परीक्षा ही ज्यांच्याकडे दुसरं काही नाही त्यांच्यासाठी असते. ज्याच्या नावानं नियम आहे त्यानं नियमांवरचे प्रश्न सोडवत बसायचं हे उलटंच झालं. शोध गाजला तर बढती खातं स्वतः हातात आणून देईल.

ऑफिसात नफिसानं विचारलं, सर, सेंटरला एकत्र जाऊ या का, माझे मिस्टर रमीज गाडीनं सोडणार आहेत. म्हटलं, नको, मी परस्पर येतो, संध्याकाळी व्याख्यानाला मात्र दोघं या.

२१ डिसेंबर, रविवार, सकाळ
राजश्री ड्युटीवरून येऊन न झोपता थांबली होती. गोड शिरा केला. हॉल तिकीट, पेन, पाण्याची बाटली तिनंच पिशवीत भरली. मी 'निघतो' म्हणालो आणि निघालो. हे खोटं नाही, निघालोच.

हॉलची चावी नंदकुमारकडून आधीच घेतलेली. दार आतून लावून बसलोय. मार्कर तपासले. निळा चांगला चालतो. भाषणाची तालीम दोनदा. इथे फार शांत आहे. परीक्षा हॉलमध्ये एवढी शांतता मिळाली नसती.

२१ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ
जे झालं ते क्रमानं लिहितो, म्हणजे माझी बाजू स्पष्ट होईल.

हॉल भरला होता. वडापाव होते, त्यामुळेही असेल. राजश्री पहिल्या रांगेत, ठेवणीतल्या साडीत. मी ठाण्याहून थेट इथे आलो असं तिला वाटत होतं. पेपर कसा गेला हे ती खुणेनं विचारत होती. मी खुणेनं 'नंतर' म्हणालो.

फळ्यावर संख्या लिहिली. ३३,३३,३३,३३१. टाळ्या. मी म्हणालो, या संख्येला जगातला कुठलाही आकडा भागू शकत नाही. तुम्ही आकडा सांगा, मी फळ्यावर भागून दाखवतो. हे भाषणात नव्हतं, तिथेच सुचलं. लोक ओरडायला लागले. सातनं भागलं, दोन उरले. अकरानं भागलं, एक उरला. तेरानं भागलं, सहा उरले. दर वेळी बाकी उरली की टाळ्या. पत्रकार मोबाईलवर शूटिंग करत होता. असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

तेव्हा नंदकुमारला माईक हवा झाला. तो म्हणाला, मला सेक्रेटरी होऊन सतरा वर्षं झाली, त्या निमित्तानं एकदा सतरा होऊन जाऊ दे.

मी हसत हसत सुरुवात केली. तेहतिसात सतरा एकदा. मग एकशे त्रेसष्टात नऊ वेळा. पाढ्यात अडखळलो तर पहिल्या रांगेतल्या कुणीतरी मदत केली. भागाकार खाली खाली उतरत गेला. शेवटी फळ्यावर एकावन्न उरले. हॉलमधले सगळे एका सुरात म्हणाले, 'सतरा त्रिक एकावन्न.'

बाकी शून्य.

मी पुसून पुन्हा केलं. पुन्हा शून्य. १,९६,०७,८४३ वेळा सतरा, एक कमी नाही, एक जास्त नाही. मी काळा मार्कर घेतला. काळ्यानंही शून्यच आलं.

मग मला क्रांतीचा मेसेज आठवला. आठ तीन झाले की सतरानं जातं, असं ती सांगत होती. तारीख नव्हती ती.

नंदकुमारला आधी कळलंच नाही काय झालं. कळल्यावर त्यानं माईक घट्ट धरला. शाल-श्रीफळ ताटात तयार होतं, पाहुणे खोळंबले होते. संख्या ज्यानं फोडली त्याचा सत्कार करावा असं कुणीतरी सुचवलं. नंदकुमार नको नको म्हणत वाकला. शाल त्याला बसली चांगली.

एवढं असतं तर चाललं असतं. मी मार्करचं टोपण शोधत होतो, तेवढ्यात दारातून नफिसा आणि तिचे मिस्टर आले. परीक्षा देऊन सरळ आली होती, हातात माझ्यासाठी बुके. पहिल्या रांगेजवळ थांबून तिनं काळजीनं विचारलं, 'सर, सेंटरवर तुमचा नंबर माझ्या पुढच्याच बाकावर होता. दिवसभर बाक रिकामा होता. तब्येत बरी आहे ना?'

राजश्रीनं माझ्याकडे बघितलं. नफिसानंही बघितलं, आणि आपण काय बोलून बसलो हे तिच्या लक्षात आलं. तिनं बुके खुर्चीवर ठेवला. नंदकुमार माईकवरूनच म्हणाला, चंदूभाऊ तर सकाळपासून इथेच होते, चावी मीच दिली.

राजश्री आवाज न चढवता म्हणाली, 'मी दोन महिने रात्री जागून काढल्या. तुम्ही इथे कुलूप लावून बसलात.'

मी म्हणालो, कुलूप नव्हतं, आतून कडी होती. हे बोलायला नको होतं.

२२ डिसेंबर, सोमवार
पोर्टलवर बातमी: 'घणसोलीच्या सेक्रेटरींनी भागली तेहतीस कोटींची संख्या.' फोटोत मी मागे, फळा पुसताना.

नियम मोडला असं म्हणणं घाईचं होईल. एका जागी अडथळा आला. त्यालाही बाहेरचा हस्तक्षेप कारणीभूत.

२४ डिसेंबर, बुधवार
क्रांतीशी बोललो, म्हणजे ती बोलली. ही गोष्ट गणितवाल्यांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे म्हणे. सात तीनपर्यंत सगळ्या मूळ आणि आठव्याला फसगत. उगाच थोडं बघून नियम करू नये, हे शिकवायला हेच उदाहरण देतात. तिलाही पहिल्या वर्षाला दिलं होतं.

म्हणजे मी चुकलो तो रस्ता चांगला वापरातला आहे. एक प्रकारे समाधान.

आईशी बोल, असं तिनं शेवटी सांगितलं. मी म्हटलं, ती झोपलीय. ती खरंच झोपली होती. हल्ली मी घरात असलो की ती झोपलेली असते.

३१ डिसेंबर, बुधवार
वर्षअखेर. ऑफिसच्या पद्धतीनं दुरुस्ती केली. 'चंद्रशेखर नियम (सुधारित): कितीही तीन व शेवटी एक अशी संख्या मूळ असेल, परंतु ज्या प्रकरणी ती मूळ नसेल अशी प्रकरणे यातून वगळण्यात येत आहेत.' आता कुणी बोट ठेवू शकत नाही. राजश्रीला वाचून दाखवावं असं वाटलं. ती कणीक मळत होती. सुधारित नियम तिनं पूर्ण ऐकला. मग म्हणाली, 'मला किती प्रकरणी वगळलंत?'

उत्तर द्यायला वेळ मागून घेतला.

११ फेब्रुवारी, बुधवार
निकाल. नफिसा पास, पहिल्या पाचात. माझ्या नावापुढे 'गैरहजर'. तांत्रिकदृष्ट्या नापास नाही, हे नोंदवून ठेवतो.

सेक्शनमध्ये पेढे. मला पेढा द्यायला ती स्वतः आली. सवयीनं मी बसून राहिलो, ती उभी. मग मी उठलो. तिनं म्हटलं, सर, बसा ना. मी बसलो नाही. दोघंही बराच वेळ उभे राहिलो. पेढा चांगला होता.

राजश्रीला घरी सांगितलं. ती म्हणाली, हुशार आहे मुलगी, कष्ट केले तिनं. मग डिसेंबरनंतर पहिल्यांदाच माझ्यासमोर बसून जेवली. मध्येच उठून गेली नाही. मी ताटं घासली. एक फुटलं. तिनं दुसरं पुसायला घेतलं.

२ मार्च, सोमवार
नफिसा मॅडमनी चार्ज घेतला. मॅडम म्हणायला जमतं का ते मी सकाळी आरशासमोर बघितलं होतं. जमलं. त्यांनी मात्र मला 'सर' म्हणणं सोडलं नाही. नवीन मुलांना कळेना की साहेब कोण. मीच त्यांना बाजूला घेऊन समजावलं.

१० मार्च, मंगळवार
मॅडमनी साईट व्हिजिटला पाठवलं. दिवाळे गावात, खाडीकाठी, मासळी वाळवायच्या ओट्याचं काम कुठवर आलं ते बघायचं. या कामाला मी आजवर दुसऱ्यांना पाठवायचो.

ऊन कडक. वास. ओटा अर्धा झालेला. मधोमध उभा राहून चारी बाजूंनी नीट बघितलं, फाईल उघडून बघितल्यासारखं केलं. गोजरा नावाची म्हातारी कोळीण डोक्यावर जवळ्यानं, म्हणजे बारीक कोलंबीनं, भरलेली पाटी घेऊन समोर येऊन थांबली. म्हणाली, सायेब तुमीच काय. पुरा ओटा कदी व्हनार.

मी तिला खूप काही सांगू शकलो असतो. तोंडाशी आलंही होतं.

म्हटलं, 'नाही. साहेब ऑफिसात आहेत. मी नुसता बघायला आलोय.'

तिनं मान हलवली. पाटी जड होती.

'मंग जरा तिकरं सरका,' ती म्हणाली. 'मना जवला पसरायचा हाय.'

सरकलो.